व्हिसा देशाचा, हजेरी गावोगावची

पारपत्राच्या पानावर परदेशचा व्हिसा एकदा चिकटला, की त्या देशाची सारी दारे आपल्याला उघडी झाली, अशी आपल्याकडील प्रवाशांची समजूत असते. ती सर्वस्वी खोटी नाही. पण अपुरी आहे. व्हिसा हा वेशीवरचा परवाना. वेशीच्या आत शिरल्यावर कोणत्या गावी किती दिवस राहिलात, कोणाच्या घरी उतरलात, तेथून पुढे कोठे निघालात, याची वर्दी कोणाला आणि किती दिवसांत द्यावयाची, हा प्रश्न निराळाच आहे. एकाच गावी जाऊन परत येणाऱ्याला तो सहसा जाणवत नाही. चार शहरे करणाऱ्याला मात्र तो प्रत्येक मुक्कामावर नव्याने भेटतो, आणि बहुधा भेटल्यावरच तो आहे हे कळते.

पूर्वी परदेशगमन हे मोजक्यांचे भाग्य होते. आता तसे राहिलेले नाही. हुबळीच्या देशपांडे नगरासारख्या वस्तीतील एखादे निवृत्त जोडपे धरा. मुलगा म्युनिकला नोकरीत, मुलगी लिस्बनला, भाचा मिलानला शिकतो आहे. आयुष्यभर गावाबाहेर फारसे न गेलेली ही मंडळी साठीनंतर अडीच महिन्यांसाठी निघतात, ती काही स्थलदर्शनाला निघत नाहीत. नातवंडांचे तोंड पाहावे, मुलीच्या घरी आठ दिवस स्वयंपाक करावा, भाच्याला लाडू पोचवावेत, एवढाच त्यांचा हेतू. पण कायद्याच्या दृष्टीने ते तीन राष्ट्रांत हिंडणारे परकीय नागरिक असतात, आणि त्या तीन राष्ट्रांचे नोंदणीचे नियम तीन प्रकारचे असतात.

युरोपातील शेंगेन व्यवस्थेचा आपल्याकडे फार गवगवा आहे, आणि तो अनाठायी नाही. १९८५ साली लक्झेम्बर्गमधील शेंगेन या खेड्यात पाच राष्ट्रांनी केलेला करार १९९५ मध्ये प्रत्यक्षात आला आणि आज २९ राष्ट्रांनी आपसांतील सीमांवरची नित्याची तपासणी काढून टाकली आहे. एका व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस, या सर्व राष्ट्रांत हिंडता येते. अर्ज मात्र ज्या देशात मुक्काम सर्वांत लांब, त्याच देशाकडे करावा लागतो. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशात प्रथम पाऊल ठेवावयाचे त्याच्याकडे. आमच्या कल्पनेतील जोडप्याने म्हणून जर्मनीकडे अर्ज केला, बोटांचे ठसे देण्यासाठी बंगळूरची वारी केली, रोजच्या रोज कोठे असू याचा तक्ता भरून दिला, आणि व्हिसा मिळवला. येथवर ठीक. यापुढील गोष्ट मात्र त्यांना कोणीही सांगितलेली नसते.

म्युनिकला मुलाकडे उतरल्यावर त्यांना काही करावयाचे नसते, कारण परदेशी राहणाऱ्या पाहुण्यास तीन महिन्यांपर्यंत पत्त्याची नोंद करण्यापासून जर्मन कायदा मोकळा ठेवतो. (मुलाला मात्र घर बदलले की दोन आठवड्यांत नगर कचेरीत जाऊन नवा पत्ता लिहून द्यावाच लागतो. शहर बदलले की पुन्हा तेच.) पुढे ते विमानाने लिस्बनला जातात. विमानतळावर कोणी पारपत्र पाहत नाही, शिक्का मारत नाही. हॉटेलात उतरले असते तर हॉटेलवाल्यानेच त्यांचा निवासाचा कागद भरून वर पाठविला असता. पण ते मुलीच्या घरी उतरतात. म्हणून कामकाजाच्या तीन दिवसांत आपण पोर्तुगालमध्ये आल्याचे अधिकाऱ्यांना कळविण्याची जबाबदारी त्यांच्याच डोक्यावर येऊन पडते. मिलानला गेले की हीच मुदत आठ दिवसांची होते आणि वर्दी पोलीस कचेरीत द्यावी लागते. शिवाय त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या भाच्याने अठ्ठेचाळीस तासांत स्वतंत्रपणे कळवावे, असाही इटलीचा दंडक आहे. म्हणजे एकच व्हिसा, एकच कुटुंब, एकच प्रवास, पण जर्मनीत काही नको, पोर्तुगालमध्ये तीन दिवस, इटलीत आठ दिवस!

हा प्रकार कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नाही. सीमा काढून टाकावयाच्या तर आत आलेला परकीय मनुष्य कोठे आहे हे कसे कळावे, या चिंतेतून १९९० च्या शेंगेन अंमलबजावणी करारातच अशी वर्दी घेण्याची तरतूद झाली होती आणि हॉटेलवाल्यांनी परकीयांकडून नोंदणीचा कागद भरून घ्यावा, हेही त्यात होते. पुढे प्रत्येक राष्ट्राने आपापल्या सोयीने ती राबविली, कोणी ढिली केली. बाहेरची भिंत एक झाली, आतल्या खोल्यांच्या कड्या मात्र जुन्याच राहिल्या. आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे पारपत्रावरील शिक्क्यांऐवजी चेहरा व बोटांचे ठसे घेऊन यंत्राने येणेजाणे नोंदविण्याची पद्धत सुरू झाली आहे. नव्वदावा दिवस कोणता, हे यापुढे प्रवाशाला बोटांवर मोजावे लागेल, पण यंत्र ते चुकणार नाही.

आणखी एक फसगत येथेच नमूद केली पाहिजे, कारण अनेक शहरे करणाऱ्यांनाच ती भोवते. लंडन हे शेंगेनमध्ये नाही. डब्लिनही नाही. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन जो फ्रँकफुर्टला उतरतो, मध्येच चार दिवस लंडनच्या बहिणीकडे जातो आणि तेथून पॅरिसला जाऊ पाहतो, त्याचा व्हिसा लंडनचे विमान पकडताक्षणी संपलेला असतो, मग त्यावरची तारीख कितीही पुढची असो. नकाशावर लंडन हे पॅरिसच्या दाराशी आहे. कायद्याच्या नकाशावर ते वेगळ्या खंडात आहे.

रशिया व चीन यांच्याकडे पाहिले म्हणजे युरोपची ही गुंतागुंत सौम्य वाटू लागते. सोव्हिएत काळात तर व्हिसावरच शहरांची नावे लिहिलेली असत आणि गोर्कीसारखे मोठे शहर परकीयांना १९९० पर्यंत बंद होते. आज रशियात वैद्यकाच्या शिक्षणासाठी आपल्याकडचे अनेक विद्यार्थी जातात. तेथे नव्या ठिकाणी पोचल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत यजमानाकरवी नोंदणी झाली पाहिजे, आणि ती विद्यापीठ किंवा हॉटेल करून देते म्हणून मुलांना तिचे अस्तित्वच ठाऊक नसते. सुट्टीत दुसऱ्या शहरी मित्राच्या खोलीवर राहिले की ते कळते. चीनमध्ये मुदत चोवीस तासांची आहे. हॉटेलात उतरणाऱ्याला त्याचा काच नाही, घरी उतरणाऱ्याला पोलीस चौकी गाठावी लागते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की जगात जवळजवळ सर्वत्र या नियमांचा बोजा पैसे टाकून हॉटेलात राहणाऱ्या हौशी प्रवाशावर पडत नाही. तो आप्तांच्या घरी उतरणाऱ्या साध्या माणसावर पडतो.

परंतु हे सारे नियम ज्याच्यापुढे मुलांचा खेळ वाटावेत, असा नमुना आपल्याच दाराशी, भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये, सात दशकांहून अधिक काळ चालत आला. फाळणीनंतर वर्षभर लोक मोकळेपणी येत-जात होते. जुलै १९४८ मध्ये परवाने आले, ऑक्टोबर १९५२ मध्ये पारपत्र व व्हिसा आला, आणि १९७४ च्या सप्टेंबरमध्ये उभय देशांनी जो करार केला त्याने या व्यवस्थेला पक्के रूप दिले. या व्यवस्थेत आप्तांना भेटावयास येणाऱ्यास देशाचा व्हिसा मिळतच नसे. मिळे तो ठरावीक शहरांचा. अर्जात जी नावे घातली असतील आणि जी मंजूर झाली असतील, तेवढ्याच ठिकाणी जावयाचे. प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांपुढे हजेरी लावावयाची आणि निघताना पुन्हा कळवावयाचे. कराचीहून मुंबईला भावाकडे आलेल्या बाईला वाटेत समजले की बहीण मिरजेला आजारी आहे, तर मिरज कागदावर नसल्यास ती जाऊ शकत नसे. बहिणी असून काय उपयोग?

८ सप्टेंबर २०१२ रोजी इस्लामाबाद येथे या कराराची सुधारलेली आवृत्ती झाली. भारताच्या वतीने तीवर सही करणारे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा हे कर्नाटकाचेच सुपुत्र. शहरांची संख्या तीनवरून पाचवर गेली; पासष्ट वर्षांवरील वृद्ध आणि बारा वर्षांखालील मुले यांना पोलिसांकडील हजेरी माफ झाली; वृद्धांना अटारी-वाघा येथे पोचताच पंचेचाळीस दिवसांचा व्हिसा देण्याचे ठरले. ही शेवटची सवलत जानेवारी २०१३ मध्ये सुरू व्हावयाची होती. नेमक्या त्याच महिन्यात नियंत्रणरेषेवरील प्रकारामुळे ती थांबली. तीनाचे पाच होण्यास अडतीस वर्षे लागली, हा हिशेब वाचकांनीच पाहावा.

या व्यवस्थेने काय तुटले, हे पाहावयाचे तर देशपांडे नगरासारखे दुसरे स्थळ नाही. सवाई गंधर्वांच्या नावाचे कलामंदिर तेथे उभे आहे आणि गंगूबाई हनगल यांचे वास्तव्य त्याच वस्तीत होते. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. गंगूबाई सवाई गंधर्वांच्या शिष्या. आणि खाँसाहेबांचीच दुसरी थोर शिष्या, रोशन आरा बेगम, १९४८ मध्ये पाकिस्तानात गेल्या आणि १९८२ मध्ये निवर्तल्या तोवर तिकडच्याच राहिल्या. एकच किराणा घराणे, एकाच गुरूच्या गळ्यातून उतरलेले स्वर, पण एक शाखा कृष्णेच्या दक्षिणेला बहरली आणि एक पंजाबातील लालामुसा या गावी. तिकडच्या कोणा गायकाने ठरविले असते की मुंबईला चार मैफली कराव्यात, मिरजेला खाँसाहेबांच्या समाधीपुढे गावे, मग कुंदगोळ, हुबळी, धारवाड असे फिरावे, तर केवळ आप्तांना भेटण्याच्या व्हिसावर हे त्याला साधले नसते. तीन शहरांच्या यादीत पाच गावे बसत नाहीत. बडे गुलाम अली खाँ फाळणीनंतर पाकिस्तानात होते. त्यांना अखेर १९५७ च्या सुमारास मोरारजी देसाईंच्या साहाय्याने भारताचे नागरिकत्व मिळाले आणि हा प्रश्न त्यांच्यापुरता मुळातच संपला. प्रत्येकाचे पाठीराखे मोरारजी नसतात.

गोमंतकीयांना तर हा विषय परका वाटण्याचे कारणच नाही. कराचीत गोमंतकीयांची मोठी वस्ती होती; १८८६ मध्ये तेथे स्थापन झालेली गोमंतकीयांची संस्था आजही आहे, आणि पाकिस्तानचे पहिले कार्डिनल, १९७३ मध्ये त्या पदावर चढलेले जोसेफ कोर्देरो, हे गोमंतकीय वंशाचेच. साष्टी-बार्देशातील कितीतरी घरांत कराचीचे मामा-मावश्या आहेत. १९९४ मध्ये कराचीतील भारतीय वाणिज्य दूतावास बंद झाला. त्यानंतर कराचीच्या माणसाला गोव्याचा व्हिसा मागण्यासाठी आधी इस्लामाबाद गाठावे लागले, म्हणजे गोव्याकडे यावयाचे तर आधी हजारभर किलोमीटर उलट दिशेने जावयाचे.

आज हा विचार कोणाला अकाली वाटेल. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे सव्वीस निरपराध माणसे मारली गेली. त्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, अटारीची चौकी बंद झाली, पलीकडूनही तसेच उत्तर आले. त्या निर्णयाचा ऊहापोह करण्याचे हे स्थळ नव्हे. राष्ट्राच्या सुरक्षिततेपुढे पाहुणचार मोठा नसतो, आणि तसे आम्ही कधी म्हटलेलेही नाही. परंतु १९६५ मध्ये दारे बंद झाली होती, १९७१ मध्ये झाली होती, आणि दोन्ही वेळा ती पुन्हा उघडली. ती उद्या उघडतील तेव्हा ती जुन्याच बिजागऱ्यांवर उघडावयाची काय, याचा विचार बंद काळातच होऊ शकतो. उघडल्यावर त्याला कोणाला वेळ नसतो.

शहरागणिक हजेरीने सुरक्षितता वाढते काय, हा खरा प्रश्न आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर चालून आलेले मारेकरी समुद्रातून आले. त्यांच्याकडे कोणत्याच शहराचा व्हिसा नव्हता. त्या हल्ल्याची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली तर व्हिसा घेऊन राजरोस येत होता. पण त्याचे पारपत्र अमेरिकेचे होते, म्हणून त्याला शहरांची यादी द्यावी लागली नाही की कोणत्या ठाण्यावर हजेरी लावावी लागली नाही. मुंबईनंतर २००९ मध्ये तो पुन्हा आला. दिल्ली, पुष्कर, पुणे असा हिंडला आणि आमच्या गोव्यातही येऊन गेला. त्याच वर्षांत कराचीहून आलेली सत्तर वर्षांची म्हातारी मात्र भावाच्या गावच्या ठाण्यावर बाकड्यावर बसून होती. जाळे असे विणले होते की त्यात चिमण्या अडकाव्यात आणि घार सुटावी.

हेडली प्रकरण उघडकीस आल्यावर आपल्या गृहखात्याने काय केले? एका भेटीनंतर दोन महिने गेल्याशिवाय पर्यटक व्हिसावर परत येता येणार नाही, असा नियम २००९ च्या अखेरीस काढला. त्याचा फटका हेडलीला बसण्याचा प्रश्न नव्हता. तो तोवर शिकागोत पकडला गेला होता. फटका बसला तो भारत, नेपाळ, श्रीलंका असा संयुक्त प्रवास आखणाऱ्या सामान्य पर्यटकांना. काठमांडूला आठवडा घालवून गोव्याला परतणाऱ्याचा मार्ग बंद झाला. तीन वर्षांनी, डिसेंबर २०१२ मध्ये, बहुतेक देशांच्या बाबतीत तो नियम मागे घेण्यात आला. मधल्या तीन मोसमांत कोणते दहशतवादी त्यामुळे अडले, हे कोणी सांगितलेले नाही.

परक्यांच्या नियमांवर बोट ठेवताना आपल्या घरातील नियम पाहणे क्रमप्राप्त आहे. भारतात येणाऱ्या परकीयांविषयीचे आपले कायदे १९२०, १९३९ आणि १९४६ चे, म्हणजे परकीय राज्यकर्त्यांनीच केलेले होते, हा एक मौजेचाच भाग. ज्यांना आपण परकीय म्हणून घालविले त्यांच्या कायद्याने आपण पुढे पाऊणशे वर्षे परकीयांची नोंद ठेवीत आलो! १ सप्टेंबर २०२५ पासून हे तिन्ही कायदे आणि २००० चा विमान कंपन्यांवरील जबाबदारीचा कायदा रद्द होऊन त्यांच्या जागी एकच नवा कायदा आला. जुना सांगाडा मोडला हे चांगले झाले. मात्र आतील हाडे बरीचशी तीच आहेत. परकीय माणसास ज्याने राहावयास जागा दिली त्याने चोवीस तासांत कळविले पाहिजे, हा दंडक कायम आहे, आणि तो केवळ हॉटेले व धर्मशाळांना नव्हे, तर रुग्णालये, विद्यापीठे आणि खासगी घरांनाही लागू असल्याचे सरकारी सूचना सांगत आल्या आहेत.

याचा अर्थ किती जणांना ठाऊक आहे? देशपांडे नगरातील ज्या आजोबांचा नातू अमेरिकेत जन्मला आणि तिकडचेच पारपत्र घेऊन, आपल्या कॉलेजातील गोऱ्या मित्राला बरोबर घेऊन दिवाळीला घरी आला, त्या आजोबांनी त्या मित्रासाठी गाद्या घातल्या की ते कायद्याच्या भाषेत निवासस्थानाचे चालक ठरतात. मुले पुढे हंपी, बदामी, गोवा अशी हिंडून आली, तर प्रत्येक ठिकाणचा यजमान तीच वर्दी देणार. हॉटेलवाल्यांना हे पाठ असते. आजोबांना ते कोणी सांगितलेलेच नसते. गोव्यात तर हा प्रकार अधिक चमत्कारिक होतो. १९६१ पूर्वीच्या गोमंतकात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनच्या दप्तरात जन्माची नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, आणि हजारोंनी ते घेतले. ज्याने ते घेतले तो आपल्या कायद्याने त्याच दिवशी परकीय झाला. परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे पत्र हाती नसलेला असा तरुण नाताळला म्हापशाच्या आपल्या घरी आला, तर त्याच्या जन्मदात्रीने तो आपल्या घरी उतरल्याचे सरकारला कळवावयाचे!

आणि मग मुंडगोड. हुबळीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, उत्तर कन्नड जिल्ह्यात, १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. गांदेन आणि द्रेपुंग हे ल्हासाजवळचे प्राचीन विहार तेथे नव्याने उभे राहिले आहेत. जगभरचे अभ्यासक आणि श्रद्धाळू तेथे येऊ इच्छितात. परंतु ज्या परकीयाच्या पारपत्रावर भारताचा उत्तम, वर्षभराचा, बहुप्रवेशी व्हिसा आहे, त्यालाही तेथे राहावयाचे तर दिल्लीच्या गृहखात्याकडून संरक्षित क्षेत्राचा वेगळा परवाना आणावा लागत आलेला आहे, आणि त्यासाठी बरेच आठवडे आधी अर्ज करावा लागतो. हंपीला जा, गोकर्णला जा, हुबळीत महिनाभर राहा. मुंडगोडला मात्र व्हिसा अपुरा. चीन आणि तिबेट यांच्या नाजूक राजकारणामुळे ही सावधगिरी एके काळी आली असेल. तिचे मूळ आम्हाला समजते. पण एका रात्रीसाठी आलेल्या विद्यार्थ्यालाही दिल्लीचे तोंड पाहावयास लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. हा अधिकार जिल्ह्याच्या पातळीवर द्यावा, अल्पमुदतीचा परवाना दोन दिवसांत मिळावा, एवढे तरी सहज होण्यासारखे आहे.

पोलिसांना आपल्या गावी कोण उतरले आहे हे कळूच नये, असे आमचे म्हणणे नाही. नोंद हवी. ती कोणी करावयाची, हा वाद आहे. ज्याचा तो व्यवसाय आहे, जो रोज दहा कागद भरतो, त्या हॉटेलवाल्याने ती करावी हे योग्य. जो माणूस परक्या मुलखात आहे, ज्याला तेथील लिपी वाचता येत नाही, त्याच्यावर प्रत्येक शहरी नव्या मुदतीचा बोजा टाकून ती चुकली की त्याला दंड करावयाचा, हे अयोग्य. आणि घरगुती यजमानावर ती टाकावयाचीच असेल, तर त्याला ती करता आली पाहिजे. २०१८ पासून आपल्याकडे परकीयांच्या नोंदणीची बरीच कामे संगणकावरून होऊ लागली आहेत, ही सुधारणा आम्ही मानतो. मात्र घरचा टेलिफोन हातात धरताना चष्मा शोधणाऱ्या गृहस्थाला हा इंग्रजी तक्ता भरावयास लावणे म्हणजे त्याला नियम मोडण्यास भाग पाडणेच होय.

परदेशी निघणाऱ्यांच्या बाबतीत आपल्या सरकारचे काम तर अगदी सोपे आहे. पारपत्र देताना, हुबळीच्या पारपत्र सेवा केंद्रातच, एक साधी पुस्तिका देता येईल: कोणत्या देशात पोचल्यावर किती दिवसांत वर्दी द्यावयाची, हॉटेलात उतरल्यास कोण देतो, घरी उतरल्यास कोणी द्यावयाची, शहर बदलल्यास काय. कन्नड, मराठी, कोकणी, हिंदी अशा भाषांत ती निघावी. प्रवासी कंपन्या हे सांगत नाहीत, कारण त्यांचे प्रवासी हॉटेलातच उतरतात. दूतावास सांगत नाहीत, कारण व्हिसा दिला की त्यांचे काम संपते. व्हिसाच्या चिठ्ठीवर ते छापलेले नसते. मग कोणी सांगावयाचे?

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातून हुबळीकडे येताना कुळें आणि कॅसलरॉक अशा दोन स्थानकांवर सामान उघडावे लागे. १९५४ नंतर परवाने आले, १९५५ मध्ये आगगाडीच बंद झाली. गोव्यातील सून आणि हुबळीतील माहेर यांच्यामध्ये सहा वर्षे दोन सरकारांचे कागद उभे होते. त्या काळाची आठवण असलेली वडीलधारी मंडळी आमच्या वाचकांत अजून आहेत. त्यांना शहरागणिक परवान्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. समजावयाचा आहे तो दिल्लीला. नव्या कायद्याखालील नियम गेल्याच वर्षी तयार झाले आहेत. त्यांची शाई अजून ओली आहे, तोवरच त्यांत खासगी यजमानासाठी आपल्या भाषेतील एक पानी नमुना आणि मुंडगोडसाठी जिल्हाधिकाऱ्याच्या सहीचा परवाना, या दोन दुरुस्त्या करून घेण्यासाठी धारवाड व उत्तर कन्नडच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात गृहखात्याला विचारणा करावी.